बाजूला काढलेली भाकर

परवा रविवारी उपासनेला एक तरुण बाई माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या मांडीवर वर्षा-दीड वर्षाचं मूल होतं. ते तिच्या तोंडाकडे वळलं की ती हळूच त्याची हनुवटी धरून चेहरा दुसरीकडे करायची. दोन-तीनदा तसं झाल्यावर मी ओळखलं. टीबी का, असं मी हळू आवाजात विचारलं. तिने हो म्हणून मान डोलावली. तिच्याशी बोलायचं होतं, पण गीत सुरू झालं आणि उपासना संपल्यावर ती लगबगीने निघून गेली.

तिला सांगायचं राहिलं ते इथे लिहिते. औषधांचं डॉक्टर सांगतीलच. मी माझं काय झालं एवढंच सांगणार आहे, आणि माझी मुलगी मला कशी विसरली तेही.

डाग

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची ही गोष्ट. आम्ही भिवंडीत निजामपुऱ्याच्या मागच्या अंगाला एका चाळीत राहत होतो. माझे यजमान याकोब लूमचे फिटर. मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका. आम्ही दोघंही नगर जिल्ह्यातले, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरांतले. भिवंडीत ख्रिस्ती म्हटलं की लोकांना वसई नाहीतर गोवा आठवतो. भाकरी थापणारी, मंगळसूत्र घालणारी बाई ख्रिस्ती कशी, हे मला शाळेत दर वर्षी कुणीतरी नव्याने विचारायचं. मी हसून सांगायचे की आमच्या पणजोबांपासून आम्ही असेच आहोत.

रूथ तेव्हा दोन वर्षांची होती.

खोकला सुरू झाला तेव्हा मी खडूच्या भुकटीला दोष दिला. मग लूमच्या गल्लीतून उडणाऱ्या सुताच्या लवेला दिला. संध्याकाळी अंगात कणकण यायची, तिला दमणूक म्हटलं. एके सकाळी मोरीत थुंकले तेव्हा त्यात लाल धागा दिसला. मी पाणी ओतलं आणि शाळेत गेले. आठ दिवसांनी पुन्हा दिसला तेव्हा यांना सांगितलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. डाव्या बाजूला वरती एक पांढुरका डाग होता. ते हिंदीत बोलायचे, आवाज मऊ होता. "बहनजी, घबराने की बात नहीं," ते म्हणाले, "ये ठीक होता है। दवा बीच में छोड़ना नहीं।" मग त्यांनी विचारलं की घरात लहान मूल आहे का. मी हो म्हटलं. ते थोडा वेळ कागदावरच लिहीत राहिले आणि मग म्हणाले, काही महिने तिला दूर ठेवता आलं तर बरं होईल.

घरी आले तर रूथ चाळीच्या पॅसेजमधून हात वर करून धावत आली. रोज मी तिला तिथेच उचलायचे. त्या दिवशी मी हात पुढे केला आणि तळवा तिच्यासमोर धरला, रस्त्यावर गाडी थांबवतात तसा. ती थांबली. तिला तो खेळ वाटला असावा, ती हसली आणि पुन्हा पुढे आली. शेजारच्या जाधव वहिनींनी माझं तोंड बघितलं आणि तिला पटकन उचलून घेतलं. वहिनी इथल्याच खेड्यातल्या, घरात बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर. "काय न्हाय होत," त्या म्हणाल्या. "माझ्या थोरल्या दिराला झालावता. आता बैलासारखा हाय." पुढे सगळ्या आजारपणात माझ्या घरात न कचरता येणारी ती एकच बाई होती.

प्याला

आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, थोडीच, पंचवीसेक घरांची. एका भाड्याच्या हॉलमध्ये उपासना भरायची. पाळकसाहेब कल्याणहून यायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. पावाचे लहान चौकोनी तुकडे, त्यांनाही आम्ही भाकरच म्हणतो, आणि द्राक्षारसाचा एक प्याला. सगळ्यांना मिळून एकच. पाळकसाहेब पांढऱ्या रुमालाने कड पुसत आणि पुढच्याच्या ओठाला लावत.

या एकाच प्याल्याचं आमच्या घरात फार मोल होतं. माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या वडिलांना गावच्या पाणवठ्याला कधी हात लावू दिला नव्हता. वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायचं. दुसऱ्याच्या ओठाला लागलेल्या भांड्याला त्यांचे ओठ पहिल्यांदा लागले ते प्रभुभोजनात, वयाच्या तिशीत. त्या दिवशी ते घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले होते म्हणे, जेवले नाहीत. आपण कोण आहोत असं विचारलं तर माझे आजोबा विश्वासाच्या कलमांऐवजी हीच गोष्ट सांगायचे.

म्हणून आजार कळल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मला काय करावं ते कळेना. भाकर घेतली. प्याला माझ्यापुढे आला तेव्हा मी नको म्हणून मान हलवली. पाळकसाहेबांना वाटलं माझं लक्ष नाही, त्यांनी तो पुन्हा पुढे केला. मी पुन्हा मान हलवली. आता आजूबाजूच्या बायकांना कळलं. प्याला पुढे गेला आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी त्या रांगेत बसून कोरड्या तोंडाने बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात पाळकसाहेब घरी आले. चहा घेतला. रूथची चौकशी केली, शाळेच्या रजेची केली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि जमत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं की बरी होईपर्यंत मी उपासनेला येत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली आणि लगेच त्या सुटकेची लाजही दिसली. ते भले गृहस्थ होते.

टीबी खोकल्याच्या हवेतून पसरतो, ताटवाट्यांतून नाही, हे मला पुढे हॉस्पिटलातल्या सिस्टरने सांगितलं. तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं. तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर एवढं लक्षात ठेवा.

आत्याबाई

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. संगमनेरकडच्या आमच्या गावी त्या एकट्या राहायच्या. तरुणपणी त्यांनी मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून काम केलं होतं, त्यामुळे आजार म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. याकोबांसाठी त्यांनी दुसरी मुलगी बघितली होती. मी नोकरी करणारी, बोलणारी. लग्नाला चार वर्षं झाली तरी आमच्यात मोजकंच बोलणं व्हायचं.

त्या रूथला न्यायला आल्या. आल्या आल्या माझं ताट, वाटी, तांब्या वेगळा केला आणि त्यावर खिळ्याने खूण केली. मग याकोबांना म्हणाल्या, मी आत आहे हे ठाऊक असून म्हणाल्या, "दिवसभर बाहेर हिंडती. घरात आणणारच की काहीतरी."

माझ्या मनात एकच भीती होती. ही बाई माझ्या मुलीला नेणार, आणि माझं नाव तिच्यापुढे काढणार नाही. काढलंच तर चांगलं काढणार नाही.

कल्याणच्या एसटी स्टँडवर मी दूर उभी राहिले, तोंडाला पदर लावून. रूथला खिडकीशी बसवलं होतं. तिच्या हातात केळं होतं. ती सालीशी झटत होती, त्यामुळे गाडी सुटली तेव्हा तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या निघताना मी आत्याबाईंच्या पिशवीत आमच्या लग्नाचा फोटो घालून दिला होता. दुसरं काय देणार होते? माझ्या हातचा घास मी तिला महिनाभर दिला नव्हता.

माझी चूक

हे लिहायला लाज वाटते, पण ज्यांच्यासाठी लिहिते आहे त्यांना हेच सर्वांत उपयोगी पडेल.

तीन महिन्यांत मी बरी झाले. म्हणजे मला तसं वाटलं. खोकला गेला, वजन चढलं, साड्यांची पोलकी पुन्हा घट्ट झाली. गोळ्यांनी पोटात ढवळायचं, लघवी लाल व्हायची, इंजेक्शनांनी कानात शिट्टी वाजायची. मी हिशेब केला की औषध जेवढं काम करायचं तेवढं करून चुकलं. यांना न सांगता गोळ्या बंद केल्या. शाळेत हजर झाले. आणखी महिनाभर थांबून रूथला आणायचं ठरवलं. तिच्यासाठी फुलांचा फ्रॉकही शिवून घेतला.

दीड महिन्यात परत ताप आला. या वेळी धागा नव्हता, भांडंभर रक्त होतं. नवा एक्स-रे बघून डॉक्टर रागावलेसुद्धा नाहीत. फक्त म्हणाले, "मैंने कहा था ना, बहनजी।" त्यांनी मुंबईच्या बाजूच्या टीबीच्या मोठ्या हॉस्पिटलाची चिठ्ठी लिहिली. यांनी माझ्याकडे बघितलं. गोळ्यांच्या भरलेल्या पुड्या त्यांना कपड्यांच्या खाली सापडल्या होत्या. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझी पिशवी भरताना त्यांनी तो फुलांचा फ्रॉक उचलला, घडी मोडली, पुन्हा केली आणि ट्रंकेत खाली ठेवून दिला. ते बघून मला रक्ताच्या उलटीपेक्षा जास्त भीती वाटली.

चार महिन्यांत परत यायची ती मुलगी दीड वर्षाने आली. ते वरचं वर्ष मी तिच्याकडून घेतलं. टीबीने घेतलं नाही. कृपा करून औषध सोडू नका.

वॉर्ड

हॉस्पिटलात सकाळी सहाला थर्मामीटर, सातला चहा, आठला इंजेक्शन. दहाला डॉक्टर. खोकल्याच्या डब्या झाकण लावून रांगेत ठेवायच्या, प्रत्येकीवर नाव. दुपारी जेवण, मग झोप, मग रिकामी संध्याकाळ. आमचा वॉर्ड तळमजल्यावर, खिडक्या मोठ्या, कायम उघड्या. मी तेरा महिने तिथे होते.

हे दर रविवारी यायचे. भिवंडीहून यायला तीन तास लागायचे, तरी चुकले नाहीत. गावाहून आलेलं पत्र आणायचे. आत्याबाईंना लिहिता येत नसे. शेजारच्या मुलीकडून दोन ओळी लिहून घ्यायच्या: रूथ खुशाल आहे, जेवते, गोळ्या घेते. तिलाही खबरदारीच्या गोळ्या चालू होत्या. माझ्याबद्दल पत्रात एक शब्द नसायचा. मी ते कागद उलटून पाठीमागेही बघायचे.

शेजारच्या खाटेवर बकुळाबाई होत्या, पडघ्याकडच्या. घरी भातशेती. त्यांचे दोन मुलगे आळीपाळीने यायचे आणि दारातूनच बोलून जायचे. त्यांना माझ्याबद्दल फार कुतूहल. ख्रिस्ती असून मी मराठीत प्रार्थना करते, याचं त्यांना नवल वाटायचं.

एके दिवशी पाळकसाहेब आले. एवढ्या लांब ते येतील असं मला वाटलं नव्हतं. हातात लहान लाकडी पेटी होती. त्यांनी स्टुलावर पांढरा रुमाल पसरला, त्यावर भाकरीचा तुकडा ठेवला. प्याला त्यांनी आणला नव्हता, पेटीत फक्त बाटली होती. मी औषधाचं माप पुढे केलं. सिस्टरने ते उकळून दिलं होतं. त्यात त्यांनी द्राक्षारस ओतला.

त्यांनी नेहमीचे शब्द म्हणायला सुरुवात केली. मरणाच्या आदल्या रात्री प्रभू आपल्या माणसांबरोबर जेवायला बसला, त्याने भाकर मोडली, त्यांना दिली, आणि आपली आठवण म्हणून हे करत राहायला सांगितलं. लहानपणापासून हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं. मला ती नेहमी आज्ञा वाटायची. पाळायची गोष्ट. त्या दिवशी खाटेवर बसून ऐकताना मला पहिल्यांदा त्यात जाणाऱ्या माणसाचं बोलणं ऐकू आलं. उद्या आपण नसणार हे त्याला ठाऊक आहे. ही माणसं चांगली आहेत पण विसरतील, हेही ठाऊक आहे. फोटो नाही, लिहून ठेवलेलं काही नाही. समोर भाकर आहे, ती तो देतो आणि म्हणतो, मला विसरू नका.

आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी रूथचा चेहरा आठवायचा प्रयत्न करते आहे आणि तो येत नाही. तिचे केस आठवले, पायातला चांदीचा वाळा आठवला. चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. मी भाकर हातात धरून रडायला लागले.

पाळकसाहेब थांबले. मी त्यांना विचारलं, "साहेब, ज्याला आठवतच नाही त्याने काय करायचं?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले की त्यांचा एक भाऊ लहानपणी विहिरीत गेला, आणि आता त्यांना त्याचा आवाज आठवत नाही. "माणसाला एकदा सांगून राहत नाही, सुनंदाबाई," ते म्हणाले. "म्हणून तर पुन्हा पुन्हा करायचं. आठवतंय म्हणून करतो असं नाही. विसरतो म्हणून करतो."

मी भाकर खाल्ली. मापातला द्राक्षारस प्याले. बऱ्याच महिन्यांनी ती चव जिभेवर आली. मात्र एकटीने प्याले. ज्या प्याल्याला दुसरे ओठ लागतात तो प्याला हा नव्हता, आणि त्याची ओढ त्या दिवशी कमी व्हायच्याऐवजी वाढली.

ते गेल्यावर बकुळाबाई उठून बसल्या. त्यांनी सगळं बघितलं होतं. "तुमच्यात देवाची याद जेवून करतात व्हय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "आमच्यात तं उपास करून करतात," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पन मेलेल्यांची याद काढायची तं आमीबी पान वाढतो. जेवल्याबिगर मानूस परत येत न्हाय."

महिनाभराने मुलगे त्यांना घरी घेऊन गेले. पूर्ण बऱ्या नव्हत्या. पुढे त्यांचं काय झालं ते मला कळलं नाही.

बाई

माझ्या थुंकीचे अहवाल ओळीने तीन वेळा चांगले आले, तेव्हा मला घरी सोडलं. आणखी काही महिने गोळ्या होत्या, पण डॉक्टर म्हणाले, आता मुलगी आणा.

हे गावाला गेले आणि दोघींना घेऊन आले. मी सकाळपासून दारात उभी होते. जाधव वहिनींनी माझ्या केसांना तेल लावून वेणी घालून दिली होती. आजारात निम्मे केस गेले होते. रिक्षातून आधी हे उतरले, मग आत्याबाई, मग एक साडेतीन वर्षांची मुलगी. चेहरा लांबट झाला होता, गुडघ्यांची हाडं वर आली होती. मी खाली बसून हात पसरले.

ती आत्याबाईंच्या लुगड्यामागे गेली. तिथून माझ्याकडे बघितलं. "आजी, ही बाई कोण?" तिने विचारलं.

आत्याबाई म्हणाल्या, "अगं, ही आई."

"नाही," रूथ म्हणाली. "आई आजारी आहे."

यांनी तिला समजावलं. आत्याबाईंच्या पिशवीतून तो लग्नाचा फोटो काढून दाखवला. फोटोतली नवरी गुबगुबीत, डोक्यावर पांढरं वस्त्र. रूथने फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फोटो परत दिला. तिचा दोष नव्हता. त्या फोटोतल्या बाईला मीही ओळखलं नसतं.

जेवायला बसलो. आत्याबाईंनी प्रवासातून आल्या आल्या भाकऱ्या टाकायला घेतल्या होत्या. मी दूर भिंतीशी बसले. रूथच्या ताटात भाकरी पडली, आणि तिने काय केलं, भाकरीचा एक तुकडा मोडला आणि ताटाच्या कडेला नीट बाजूला ठेवला. मग जेवायला लागली.

तो तुकडा का काढला, असं मी विचारलं. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण प्रश्न सोपा होता. "आईचा," ती म्हणाली.

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. मग भाकरी उलटता उलटता सांगायला लागल्या. गावी नेल्यावर पहिले आठ दिवस पोरगी जेवेना. आई पाहिजे म्हणून ताट ढकलायची. शेवटी त्यांनी भाकरी मोडली, पहिला तुकडा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, हा आईचा, आई बरी होऊन येईल आणि खाईल, आता तू तुझा खा. तेव्हा ती जेवली. मग रोज तेच. सकाळ-संध्याकाळ. फोटो दाखवला तर ती रडायची, म्हणून फोटो ट्रंकेत टाकला.

"दीड वर्ष?" मी विचारलं.

"मंग काय. पोर विसरंल की," त्या म्हणाल्या.

"आणि ते तुकडे?"

"म्या खायचे. भाकर टाकायची व्हय?" त्या म्हणाल्या. "कोरडा तुकडा. वर तांब्याभर पाणी प्यायचं."

मी हातातला घास खाली ठेवला. दीड वर्ष दोन्ही वेळा ही बाई माझ्या नावाचा तुकडा मोडत होती आणि माझ्या जागी बसून खात होती. आणि मी हॉस्पिटलात पत्राच्या पाठीमागे माझं नाव शोधत होते. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, त्यांना ते आवडलं नसतं. मी उठून त्यांच्या शेजारी बसले आणि पिठाची परात आपल्याकडे ओढली. त्यांनी ती ओढू दिली.

रूथ मात्र तशीच राहिली. तिची आई म्हणजे तो तुकडा. आजारी असलेली, येणारी, ताटाच्या कडेला असलेली. मी म्हणजे घरातली एक बाई. ती रोज माझ्यासमोर माझा घास बाजूला काढायची आणि मला त्याला हात लावू द्यायची नाही.

पहिला रविवार

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळे उपासनेला गेलो. डॉक्टरांचा कागद यांनी खिशात ठेवला होता, कुणी विचारलं तर दाखवायला. कुणी विचारलं नाही. पाळकसाहेबांनी मला पुढच्याच रांगेत बसवलं. एका बाजूला आत्याबाई, दुसऱ्या बाजूला मंडळीतल्या एक जुन्या बाई, आमच्या चांगल्या ओळखीच्या.

भाकर आली. मग प्याला आला. आत्याबाई प्याल्या. मी प्याले. कड थंड होती. मग तो पुढे त्या बाईंकडे गेला. त्यांनी डोळे मिटले, प्याला ओठाला लावला, आणि ओठ उघडले नाहीत. मी इतकी जवळ होते की मला दिसलं.

राग आला नाही असं मी म्हणणार नाही. आला. मग आठवलं की दीड वर्षापूर्वी याच रांगेत मीही मान हलवली होती, स्वतःलाच घाबरून. पुढच्या महिन्यात त्या माझ्या शेजारी बसल्या नाहीत. चौथ्या की पाचव्या महिन्यात पुन्हा बसल्या आणि घोट घेतला. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

आत्याबाई गेल्या

सहा आठवड्यांनी आत्याबाई गावाला निघाल्या. शेरडं शेजाऱ्यांकडे ठेवून आल्या होत्या, किती दिवस राहणार? मी त्यांना राहा म्हणून सांगितलं, मनापासून सांगितलं. त्या म्हणाल्या, मी इथं असेपर्यंत पोर तुझ्याकडे यायची नाही. ते खरं होतं.

सकाळच्या गाडीने त्या गेल्या. रूथ खाटेखाली शिरली आणि दुपारपर्यंत रडत होती. मी हाका मारल्या, जाधव वहिनींनी मारल्या. यांनी चॉकलेट दाखवलं. तिला माझा आवाज आला की रडणं वाढायचं, म्हणून मी शेवटी गप्प राहिले आणि खाटेच्या जवळ जमिनीवर बसून राहिले. कधीतरी ती तिथेच झोपली.

संध्याकाळी दिवे लागताना मी भाकरी केली. माझी भाकरी आत्याबाईंपेक्षा जाड होते. ताट घेऊन खाटेपाशी बसले. रूथ जागी झाली होती. खालून तिचे डोळे दिसत होते. मी भाकरी मोडली. पहिला तुकडा हातात आला तेव्हा मी तो ताटाच्या कडेला ठेवला.

"हा आजीचा," मी म्हणाले. "आजी गावाला गेली आहे. ती येऊन खाईल."

ती त्या तुकड्याकडे बघत राहिली. मग पोटावर सरकत बाहेर आली. ताटाजवळ बसून तिने तो तुकडा उचलला आणि मी ठेवला होता त्याहून जरा पलीकडे, आमटी लागणार नाही असा, नीट ठेवला. मग माझ्याकडे वळून तोंड उघडलं. मी घास दिला. दुसरा दिला. दोन वर्षं होत आली होती, माझ्या हातचं ती पहिल्यांदा खात होती.

आई म्हणायला तिला आणखी दोन महिने लागले. त्या दिवशी तिने मला कसलीच हाक मारली नाही. जेवण झाल्यावर तिने दाराकडे बघितलं, ताटाकडे बघितलं.

"आजी आली नाही," ती म्हणाली. "आता?"

"आता मी खाते," मी म्हणाले.

तिने तो तुकडा मला दिला. गार झाला होता, कोरडा होता. मी खाल्ला. तो गिळेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.

"वर पाणी पी," ती म्हणाली, अगदी आत्याबाईंच्या आवाजात.

मी तांब्या उचलला आणि प्याले.